बर्फातली होडी आणि काळी बाई

ज्या माणसाचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, त्याला कोड्यांचं फारसं कौतुक नसतं. लिफ्ट अडकली तर त्याला कारण असतं. तार सैल झालेली असते, दार नीट मिटलेलं नसतं, मोटर तापलेली असते, नाहीतर कुणीतरी वरच्या मजल्यावर कपाट चढवताना दारात खुर्ची अडकवून ठेवलेली असते. शांतपणे शोधलं की कारण सापडतं आणि सापडलं की लिफ्ट चालते. मिस्त्रींचं सगळं आयुष्य या एकाच विश्वासावर निर्धास्त गेलं होतं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी सगळी इमारत त्यांना मिस्त्रीच म्हणायची आणि लिफ्टनं जरा कुरकुर केली की अजूनही त्यांच्याच दारावर थाप पडायची.

तर अशा या मिस्त्रींना कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं एक दिवस केस कापता कापता विचारलं, "मिस्त्री, वहिनींची तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. का रे?"

"नाही, गुरुवारी संग्रहालयात दिसल्या. एका चित्रासमोर बाकड्यावर बसल्या होत्या. डोळे पुसत होत्या, म्हणून आपलं विचारलं."

"कुठल्या संग्रहालयात?"

"नदीपलीकडच्या. ते मोठ्या पायऱ्यांचं."

"आणि तू तिथे काय करत होतास?"

न्हाव्यानं कात्री कानापाशी थांबवली. "आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्यांचं शौचालय फार स्वच्छ असतं. बाजारात गेलो की मी तिथेच जाऊन येतो. गुरुवारी आत जायला तिकीटही लागत नाही."

"माझी बायको गुरुवारी दोरे आणायला जाते," मिस्त्री म्हणाले.

"असेल, असेल. दोरे घेऊन गेल्या असतील मग," न्हावी म्हणाला आणि त्यानं मिस्त्रींची मान हलकेच खाली दाबली. पुढे काही बोलायची सोयच राहिली नाही.

घरी आले तेव्हा बायको खिडकीजवळ मशीनवर बसली होती. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या विजारी आखूड करणं, कोटांची अस्तरं बदलणं, तुटलेल्या चेनी काढून नव्या बसवणं हा तिचा धंदा. तोंडात टाचण्या धरून ती म्हणाली, "कापले का बरे?" मिस्त्री म्हणाले, "कापले." नंतर संध्याकाळभर ते खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिले. तीच बाई. तोच चष्मा, तोच गळ्यातला टेप. मशीन थांबवून मधेच मान मोडायची तीच सवय. यातली कुठली बाई संग्रहालयात जाऊन रडते?

"पोटात दुखतंय का?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही."

"मग असं काय बघताय? मला काही लागलंय का तोंडाला?"

मिस्त्री उठून स्वयंपाकघरात गेले आणि तहान नसताना पाणी प्यायले.

पुढचा गुरुवार उजाडला. जेवणं आटोपून बायकोनं बरे कपडे घातले, केस विंचरले आणि बूट घालायला ती दारापाशी बसली.

"कुठे निघालीस?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांना वाटलं होतं, आपण अगदी सहज विचारतोय.

"दोरे आणायला."

"दर आठवड्याला लागतात एवढे दोरे?"

"लागतात."

"मग मीही येतो."

बायको एक बूट हातात धरून क्षणभर थांबली. आता ती काहीतरी सबब सांगेल, आपण ती पकडू, मग रडारड होईल, असं सगळं मिस्त्रींनी मनात मांडून ठेवलं होतं. पण ती म्हणाली, "या की. पण मी आधी संग्रहालयात जाते, मग दोरे. चालेल ना? जपानी आणि जर्मन छापचित्रं लागली आहेत. आणि तिथे मोठ्यानं बोलायचं नाही."

मिस्त्री पुरते गोंधळले. चोर पकडायला जावं आणि त्यानं दार उघडून "बसा, चहा घेता का?" म्हणावं, तसं झालं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," ते एवढंच म्हणाले.

"तुम्ही कुठे विचारलंत? 'कुठे निघालीस' म्हणता. मी 'दोरे' म्हटलं की पेपर पुन्हा तोंडासमोर धरता. चला, बस जाईल."

संग्रहालयात मिस्त्री आजवर कधी गेले नव्हते असं नाही. एकदा तिथली मालाची लिफ्ट बंद पडली होती तेव्हा ते मागच्या दारानं आले होते, पण तळघर आणि मोटरची खोली सोडून त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. आज पुढच्या दारानं आत शिरताना त्यांना उगाच अंग चोरल्यासारखं झालं. फरशी इतकी गुळगुळीत की बुटांचा आवाज आपलाच पाठलाग करतोय असं वाटावं. पुढे एक कमान होती. कमानीत दोन बाण. डावीकडे जपान, उजवीकडे जर्मनी.

"तुम्ही आधी डावीकडे जा," बायको म्हणाली. "ते सोपं आहे. मी उजवीकडे आहे. आतून वाट आहे, फिरत फिरत या."

"तू येत नाहीस?"

"माझं बघून झालंय," असं म्हणून ती गेलीसुद्धा. तिची चाल बघून मिस्त्रींना नवल वाटलं. बाजारात जाताना गुडघा धरून चालणारी बाई इथे घरातल्या घरात वावरावं तशी चालत होती.

डावीकडच्या दालनात पाऊल टाकलं आणि पहिलीच गोष्ट मिस्त्रींना खटकली ती म्हणजे अंधार. अगदीच काळोख नव्हता, पण दिवे पार मलूल. त्यांनी वर बघून अंदाज घेतला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या करड्या कोटातल्या मुलीजवळ जाऊन हळूच सांगितलं, "अहो, तुमची लाइन कमी दाबानं येतेय. दिवे बघा कसे झालेत."

"नाही काका," ती मुलगी हसून म्हणाली. हा प्रश्न तिला रोजचाच असावा. "मुद्दामच मंद ठेवलेत. कागदाला उजेड सोसत नाही. रंग उडतात."

"मग ही चित्रं बघायची कशी?"

"थोडा वेळ थांबा. डोळ्यांना सवय झाली की दिसतात."

मिस्त्री थांबले. खरंच हळूहळू दिसायला लागलं. लहान लहान चित्रं, रुंद चौकटींत जपून बसवलेली. एकात एक बाई आरशात बघत मान मागून पुसत होती. तिच्या मानेला रंगच नव्हता, नुसता कोरा कागद होता, तरी ती मान ओलसर वाटत होती. एकात मांजर होतं. एकात समुद्रकिनारा आणि टोपी उडालेला माणूस. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं की ही चित्रं लाकडाच्या फळ्या कोरून, प्रत्येक रंगाची वेगळी फळी करून छापलेली आहेत. मिस्त्रींनी ती पाटी पुन्हा वाचली. एकाच चित्राला इतक्या फळ्या, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी ठेवायचा! इतकी सगळी उरस्फोड कशासाठी, तर मांजरासाठी?

पण पुढे गेल्यावर ते एका चित्रापाशी थांबले. बर्फ पडत होता. एक होडी नदी ओलांडत होती. होडीत गवताची टोपी घातलेला नावाडी आणि पाठीमागे गाठोडं घेऊन बसलेली एक बाई. पलीकडच्या काठावर एक घर, त्याच्या खिडकीत पिवळा उजेड. बस्स. मिस्त्रींना ते चित्र आवडलं. का आवडलं हे त्यांना सांगता आलं नसतं. त्या बाईला आता लवकरच ऊब मिळणार एवढं मात्र त्यांना मनापासून वाटलं.

तिथून ते निघाले, वळले, पुढच्या खोलीत गेले, आणि समोर पुन्हा तीच होडी.

मिस्त्री चपापले. आपण फिरून त्याच खोलीत आलो की काय? ते मागे गेले. मांजर दिसलं. म्हणजे इकडून आलो होतो. पुन्हा वळले, एका दाराऐवजी दुसऱ्या दारातून गेले, तर तिथे भांडी ठेवलेली. परत फिरले, तर समोर बर्फ, नदी, नावाडी आणि गाठोडंवाली बाई. पण पलीकडच्या घराची खिडकी आता काळीठिक्कर. उजेडाचा पत्ता नाही.

इमारतीत वाट चुकण्याचा प्रसंग मिस्त्रींवर उभ्या हयातीत आला नव्हता. घाम फुटलेल्या कपाळानं ते करड्या कोटातल्या मुलीला शोधत आले. "अहो, मघाशी त्या घरात दिवा होता. आता नाही."

ती मुलगी त्यांना हाताला धरून न्यावं तशी सोबत घेऊन गेली आणि तिनं दाखवलं. दोन चित्रं होती, दोन वेगळ्या खोल्यांत. एकाच ठशावरून काढलेली, पण वेगवेगळ्या वेळी. नंतरच्या छपाईत पिवळा रंग भरलाच नव्हता.

"का नाही भरला?"

"ते नाही माहीत, काका. विसरले असतील. नाहीतर नको वाटला असेल."

"पण मग ती बाई जाणार कुठे?" मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं. आपण हे काय विचारलं ते त्यांचं त्यांनाच समजेना. ते घाईनं "उजवीकडे कुठून जायचं?" असं म्हणून तिथून सटकले.

जर्मन दालनाचं सगळंच निराळं. भिंती पांढऱ्याफेक, आणि त्यांवर काळी चित्रं. ही पण लाकूड कोरूनच केलेली, असं पाटीवर होतं, पण जपान्यांनी जिथे सुईसारखी अवजारं वापरली होती, तिथे या लोकांनी कुऱ्हाड घेतली असावी. माणसांचे चेहरे तासून काढल्यासारखे. गाल खोल गेलेले, डोळ्यांच्या जागी खाचा. रस्ते तिरपे, घरं पडायला आलेली. एका चित्रात तर नुसती माणसांची रांग होती आणि रांगेत कुणालाच कुणाची पर्वा नव्हती. मिस्त्रींना वाटलं, हे बहुतेक अर्धवट राहिलेलं काम असावं.

शेवटच्या खोलीत बायको दिसली. बाकड्यावर, दरवाज्याकडे पाठ करून. तिच्यासमोर मोठं काळं चित्र. एक बाई जमिनीवर बसलेली, मांडीवर काहीतरी गुंडाळलेलं, आणि त्याच्यावर तिचा हात. हात भलताच मोठा, फावड्यासारखा. गुंडाळलेलं ते मूल होतं हे मिस्त्रींना जरा वेळानं कळलं. झोपलेलं की आणखी काही, ते कळेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं चष्मा काढला आणि रुमालानं डोळे पुसले.

सापडलं. कारण सापडलं.

लेकीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. दोन दिवसही जगला नाही. तेव्हा दोघंही तरुण होती, मोठ्या माणसांच्या सल्ल्यानं वागणारी. सगळे म्हणाले, विषय काढू नका, तिला त्रास होईल. मिस्त्रींनी विषय काढला नाही. पुढे लेक झाली, तिचं आजारपण, शाळा, लग्न, यात तो विषय काढायची वेळच निघून गेली. आणि ही बाई इतकी वर्षं मनात ठेवून दर गुरुवारी इथे येऊन बसते!

परतीच्या वाटेवर दोऱ्यांच्या दुकानात बायको रंग जुळवत उभी राहिली, त्यांनी पिशवी धरली. घरी आल्यावर तिनं मशीनवर एक कोट घेतला, तेव्हा त्यांनी तिच्यासमोर स्टूल ओढलं.

"अगं, मला कळलं," ते म्हणाले.

"काय कळलं?"

"तू तिथे का जातेस ते. तो आपला... पहिला."

बायकोनं चष्म्यावरून बघितलं. "कोण पहिला?"

"आपला मुलगा."

मशीनच्या चाकावरचा तिचा हात तसाच राहिला. मग ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "मी त्याच्यासाठी नाही हो जात."

"पण तू रडत होतीस."

"डोळे कोरडे पडतात माझे. डॉक्टरांनी थेंब नाही का दिलेत? फार वेळ एकीकडे बघितलं की चुरचुरतात."

"आणि ते मांडीवरचं मूल?"

"मी हात बघते त्या बाईचा. काळं आधीच होतं ना फळीवर सगळं? कोरणाऱ्यानं फक्त नको ते काढून टाकलं आणि हात उरला. मला मजा वाटते बघायला. मी कापड बेतते तेव्हा कसं, काढायचं काय आणि ठेवायचं काय एवढंच तर असतं." ती थांबली. "आणि खरं सांगू? तुम्ही घरी बसायला लागल्यापासून दिवसभर 'काय करतेस, कुठे ठेवलंस, कोण आलं होतं' चालू असतं. तिथे मला कुणी काही विचारत नाही."

मिस्त्रींचा चेहरा पडला. दुरुस्तीला म्हणून उघडावं, आणि बिघाड भलतीकडेच निघावा, वर तो आपणच केलेला असावा! ते स्टूल जागेवर ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. आपण बोललो ते चुकलं की बरं झालं, हेही त्यांना उमगेना. आतून मशीनचा आवाज मात्र पुन्हा सुरू झाला नाही.

त्यानंतरचे काही दिवस घरात विचित्र गेले. बायको नेहमीसारखी बोलायची, पण वाक्य अर्धवट सोडायची. मिस्त्री काही विचारायला तोंड उघडायचे आणि 'दिवसभर विचारता' हे आठवून मिटायचे. एकदा तर भाजी कुठे ठेवलीय हे विचारायचं टाळून त्यांनी ती शोधता शोधता सगळं कपाट रिकामं केलं.

मग एका सकाळी दोघं धुतलेली चादर घडी करत होती. तिचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं तिच्या. टोकाला टोक मिळवायला दोघं जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "कसा दिसत होता?"

मिस्त्रींना कळलं कोण ते, तरी ते म्हणाले, "कोण?"

"मला दाखवलाच नाही. मी मागितला होता. नर्स म्हणाली, बघू नका, नंतर त्रास होतो. तुम्ही नेलात ना त्याला खाली?"

"मीच नेला. लिफ्टनं." चादर दोघांच्या मधे तशीच लोंबत राहिली. "टॉवेलात होता. लिफ्टमन मला सांगत होता की आज उकडतंय फार. मी हो म्हणालो. त्याला माहीत नव्हतं माझ्या हातात काय आहे."

"दिसत कसा होता?"

"केस खूप होते. काळेभोर. आणि एक कान असा दुमडलेला." मिस्त्रींनी स्वतःच्या कानाची पाळी पुढे दुमडून दाखवली. "मी तो सरळ करून बघितला, तर परत दुमडला."

"कुठला कान?"

"डावा. नाही, थांब." मिस्त्री डोळे मिटून आठवायला लागले. त्यांनी रिकामे हात तसे धरून बघितले, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. "उजवा असेल. माझ्या डावीकडे होता म्हणजे त्याचा..." त्यांना काही केल्या आठवेना. आपल्याला तो चेहरा रोज दिसतो असं ते इतकी वर्षं समजत होते, आणि आता कान कुठला ते सांगता येत नव्हतं.

बायको म्हणाली, "असू दे. माझ्या वडिलांचाही एक दुमडलेला होता." आणि चादर त्यांच्या हातातून घेऊन तिनं ती उरलेली घडी एकटीनं घातली. जरा वेळानं म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही विसरलात."

"मला वाटायचं, तू विसरायला बघतेयस."

दारावर कुणीतरी विजार घेऊन आलं आणि ती गेली.

पुढच्या गुरुवारी ती बूट घालायला बसली तेव्हा मिस्त्री पेपरात डोकं घालून बसले होते. विचारायचं नाही असा पणच केला होता त्यांनी. तीच म्हणाली, "येताय ना?" मग ते उठले.

पण संग्रहालयात नवाच घोळ झाला. बायको आपल्या बाकड्यावर जाऊन बसली आणि थोड्या वेळानं तरातरा डावीकडच्या दालनात मिस्त्रींजवळ आली. चांगलीच रागावलेली दिसत होती.

"तुम्ही माझं चित्र बिघडवलंत," ती म्हणाली. मोठ्यानं बोलायचं नाही हा नियम तीच विसरली होती. "मी किती छान हात बघायचे. आता मला मूलच दिसतं. हात दिसतच नाही."

"मग मी काय करू?" मिस्त्री खरोखर विचारत होते.

"काय करणार? झालं ते झालं. सरका जरा." आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहून बर्फातली होडी बघायला लागली. मिस्त्रींनी तिला दुसऱ्या खोलीतल्या अंधाऱ्या खिडकीचं सांगितलं. ती जाऊन बघून आली आणि म्हणाली, "मला ती अंधारी बरी वाटते." मिस्त्रींना हे मुळीच पटलं नाही, पण भांडायची जागा नव्हती.

गंमत अशी की त्या दिवसापासून मिस्त्रीच उजवीकडे जायला लागले. ती काळी बाई त्यांना आवडत नव्हती. तरी ते बाकड्यावर बसायचे आणि त्या गुंडाळलेल्या मुलाला कान आहे का ते बघायचे. कान नव्हता. कोरणाऱ्यानं तिथे सगळं काळंच ठेवलं होतं. पण दर वेळी खात्री करून घेतल्याशिवाय त्यांना उठवत नसे. बायको डावीकडे, मिस्त्री उजवीकडे, आणि शेवटी दोघं कमानीखाली भेटायची. "बघितलंत?" "बघितलं." एवढंच.

मधे लेकीचा फोन आला. आई गुरुवारी दुपारी घरी नसते हे तिला नवं नव्हतं, पण बाबाही घरी नसतात याची तिला काळजी वाटली. "बाबा, तुम्ही दोघं नक्की कुठे जाता?"

"चित्रं बघायला. जर्मन," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

करड्या कोटातल्या मुलीनं त्यांना सांगूनच ठेवलं होतं की चित्रं आता उतरवणार, कागदाला विश्रांती म्हणून अंधाऱ्या कपाटांत जाणार आणि मग कित्येक वर्षं बाहेर येणार नाहीत. त्या शेवटच्या गुरुवारी लेक रजा काढून, आईबापांना झालंय तरी काय हे बघायला स्वतः आली. आईला तिनं होडीपाशी गाठलं. आई ठीक दिसली. मग ती बाबांना शोधत उजवीकडे गेली. बाकड्यावर बाबा बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं भानही त्यांना नव्हतं.

"बाबा! काय झालं?"

मिस्त्रींनी वर बघितलं. कोरडे डोळे, थेंब, असली काहीतरी सबब सांगता आली असती, पण त्यांना ती ऐनवेळी सुचली नाही. "तुला एक भाऊ होता," ते म्हणाले. "तुझ्या आधी."

लेक त्यांच्या शेजारी बसली. बायको मागून आली होती. तीही बसली. बाकडं तिघांना अपुरं होतं. एवढी मोठी झालेली लेक एकदा चित्राकडे, एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होती. घरात आपणच थोरली, एकुलती, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तिनं पुष्कळ प्रश्न विचारले. कधी झालं, कशानं झालं, मला का नाही सांगितलं. काहींची उत्तरं बायकोनं दिली, काहींची मिस्त्रींनी.

मग तिनं विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

नाव ठेवायला वेळ कुठे मिळाला, असं म्हणायला मिस्त्रींनी तोंड उघडलं. पण तोंडातून नावच निघालं. तेवढ्यात बायकोही बोलली. दोघं एकदमच बोलली, आणि दोघांनी वेगवेगळी नावं घेतली.

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. तिनं ते नाव अडखळत घेतलं नव्हतं. रोज घ्यावं तसं सहज घेतलं होतं. म्हणजे इतकी वर्षं ती मनात त्याला हाक मारत होती. आणि तीही त्यांच्याकडे तशीच, डोळे मोठे करून बघत होती.

"म्हणजे नक्की कुठलं?" लेकीनं विचारलं.

"हे काय नाव ठेवलंत तुम्ही?" बायको म्हणाली. "आमच्या शेजारचा एक होता त्या नावाचा. सारखं नाक गळायचं त्याचं."

"आणि तुझं काय फार मोठं लागून गेलंय? शाळेत चिडवून बेजार केलं असतं पोरांनी."

"कोण चिडवणार? चांगलं सुटसुटीत आहे."

"सुटसुटीत? हाक मारून बघ तिसऱ्या मजल्यावरून, ऐकू तरी जाईल का!"

करड्या कोटातली मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिनं ओठांवर बोट ठेवलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, बोट खाली घेतलं आणि ती परत गेली. लेक मधे बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. हसावं की रडावं, की यांना सरळ घरी घेऊन जावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. मिस्त्रींनाही येत नव्हतं. पण मूल झालं की त्याच्या नावावरून जे भांडण रीतसर व्हायला हवं, ते त्यांच्या घरात एकदाचं जुंपलं होतं आणि माघार घ्यायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.